दुरुस्तीच्या दाराला दुसरे कुलूप

२३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी पश्चिम युक्रेनमधील एका वीज-वितरण कंपनीच्या नियंत्रणकक्षात संगणकाच्या पडद्यावरील बाण आपोआप फिरू लागला आणि कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने एकेक उपकेंद्र बंद पाडले. त्या दिवशी तीन कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांनी वीज परतली, ती माणसांनी उपकेंद्रांवर धाव घेऊन हाताने स्विच चढविले म्हणून. हल्लेखोरांना कोणतेही दार फोडावे लागले नव्हते. ई-मेलसोबत धाडलेल्या फसव्या दस्तऐवजांच्या साहाय्याने त्यांनी कित्येक महिने आधीच शिरकाव करून पासवर्ड मिळविले होते, आणि दुरून काम करण्यासाठी कंपन्यांनीच ठेवलेल्या वाटेने ते नियंत्रणयंत्रणेपर्यंत पोहोचले. त्या वाटेवर पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही खूण विचारली जात नव्हती.

अशी वाट मुळात ठेवावी लागते ती काटकसरीपोटी. यंत्र एका गावी आणि त्याची नस जाणणारा तंत्रज्ञ दुसऱ्या गावी, ही आजच्या उद्योगाची नित्याची स्थिती आहे. तंत्रज्ञाच्या प्रवासाचा खर्च आणि त्याहून कितीतरी मोठा असा यंत्र बंद राहिल्याचा खर्च दुरून केलेल्या दुरुस्तीने वाचतो. ही बचत कंपनीच्या खतावणीत चटकन दिसते. तिच्यापायी ओढवणारी जोखीम मात्र बव्हंशी इतरांच्या माथी पडते.

मे २०२१ मध्ये अमेरिकेत याचा प्रत्यय आला. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के वाहून नेणारी कलोनियल कंपनीची पाइपलाइन ७ मे रोजी बंद ठेवावी लागली. वापरात नसलेले एक जुने दूरप्रवेश-खाते चोरांच्या हाती लागले होते. पासवर्ड साधासुधा नव्हता, असे कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले. पण दुसरी पडताळणी नव्हती, हेही त्यांना मान्य करावे लागले. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली, त्यातील काही भाग सरकारने पुढे परत मिळविला. पेट्रोलपंपांवर रांगा लावणाऱ्या नागरिकांच्या वेळेचा हिशेब मात्र कोणत्याच ताळेबंदात आला नाही. पाइपलाइन कंपन्यांसाठी संगणक-सुरक्षेच्या सूचना तोवर ऐच्छिक होत्या. त्यानंतर सरकारने बंधनकारक आदेश काढले. बाजार आपली शिस्त आपणच लावून घेईल, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

दुसरी खूण म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. माणसाला ठाऊक असलेला शब्द, त्याच्याजवळ असलेली वस्तू आणि त्याच्या अंगची खूण, यांपैकी निदान दोन जुळल्याशिवाय आत सोडायचे नाही, इतकेच तिचे तत्त्व. भारतात रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ऑगस्ट २००९ पासून कार्डावरील ऑनलाइन खरेदीला अशी जादा पडताळणी लागू झाली. शे-दोनशे रुपयांच्या खरेदीला जी दक्षता लागते, ती जलशुद्धीकरणाच्या पंपाला नको, असे म्हणणे कठीण आहे.

तथापि केवळ ओटीपी लावून भागत नाही. २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटी माणसाला मंजुरीच्या विनंत्या वारंवार येत राहिल्या. अखेर त्याने एक मान्य केली आणि चोर आत शिरला. म्हणून भोळसटपणे मंजूर करता येणार नाही अशी, हातात बाळगण्याची हार्डवेअर-किल्ली अधिक भरवशाची. दुसरी अडचण माणसांची. दुरुस्तीच्या ठेक्यात पाच-सहा तंत्रज्ञांत मिळून एकच खाते वापरण्याची सोय अनेकांना प्रिय असते. पण मग किल्ली कोणाच्या खिशात राहणार? प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणे ओघानेच येते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक-संस्थेच्या नियमावलीत दूरस्थ देखभालीचे वेगळे कलमच आहे: आधी मंजुरी, सबळ ओळख-पडताळणी, कामाची नोंद आणि काम संपताच जोडणी तोडणे. यातले शेवटचे कलम सर्वांत स्वस्त, आणि विसरले जाते तेही तेच.

जुन्या यंत्रांना ही दुसरी पडताळणी करताच येत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे यंत्रापुढे एक मधला संगणक बसवून तपासणी तेथे करणे. मध्यरात्री पंप बंद पडला आणि तंत्रज्ञाची किल्ली हरवली, तर काय? पर्यवेक्षकाच्या कुलूपबंद कपाटात मोहरबंद पाकिटात एक जादा किल्ली ठेवावी आणि पाकीट फोडल्याची नोंद करावी. हा सारा खर्च देखभालीची निविदा काढतानाच तीत लिहिला, तर ठेकेदार तो आपल्या दरात धरतील. करार झाल्यावर मागितला, तर त्याची किंमत ते ठरवतील.