नळदुर्गाचा रफार

प्रवासव्यवसायातल्या एका स्नेह्याने सांगितले, "नळदुर्गावर आठ पानांची पुस्तिका करून दे. छायाचित्रे सगळेच छापतात. तू अक्षरांवरच भागव."

अक्षरांवर म्हटल्यावर मी हुरळलो. नाट्यशीर्षके नुसत्या अक्षरांनी बोलती करणारे कमल शेडगे हे माझे जुने दैवत. नळदुर्गात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने १६१३ साली बांधलेला बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात माथ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, आणि आत उभे राहून आपण पाण्याचा पडदा पाहतो, तोही कोरडे राहून! मनात आले, 'नळदुर्ग'ची शिरोरेषा म्हणजेच बंधारा. ती जाड करून मुखपृष्ठाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली, दुचा उकार पाण्याच्या धारेसारखा खाली सोडला, आणि बंधाऱ्याला आड येतो म्हणून रफार केसाएवढा बारीक केला.

सौ. म्हणाल्या, "छान दिसतंय." (हे त्या माझ्या प्रत्येक कामाला म्हणतात.)

मग कच्चा छाप वडिलांपुढे ठेवला. वय चौऱ्याऐंशी, जन्म नळदुर्गचाच. चष्मा पुसून त्यांनी मोठ्याने वाचले, "नळदुग. हे कुठलं रे गाव?"

ज्याचे गाव, त्यालाच ते वाचता येईना! रात्रभर झोप लागली नाही. पाणीमहालाची शोभा बंधाऱ्याच्या पोटात आहे. तिच्यापायी भिंत कुठे पातळ केलेली नाही. मी मात्र शोभेसाठी अक्षरच कापले होते.

सकाळी शिरोरेषा निम्मी केली, रफार ठसठशीत केला. उकाराची धार तेवढी राहू दिली. आतला मजकूर बारा पॉइंटांचा, पण ओळी चौदावर बसवल्या होत्या; वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकत. देवनागरीला डोक्यावर आणि पायाखाली दोन्हीकडे जागा लागते. अठरावर नेल्या. त्यापायी दोन परिच्छेद गेले, त्यांतला एक माझा फार लाडका होता. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले, तेव्हा जुन्या नकाशावरचे 'उस्मानाबाद' काढून 'धाराशिव' घातले.

दुसरा छाप वडिलांनी शेवटच्या पानापर्यंत वाचला. मी शाबासकीची वाट पाहत होतो.

"वाचता येतंय," ते म्हणाले. "पण धबधबा पावसाळ्यातच असतो, हे कुठाय? लोक एप्रिलात येतील आणि कोरडा दगड बघून तुला शिव्या घालतील."

नावाखालोखालच्या सर्वांत मोठ्या टायपात आता ती ओळ आहे.