पीटीचं मूल्यमापन म्हणजे स्टॉपवॉच नव्हे

शारीरिक शिक्षणाच्या मूल्यमापनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "त्यात काय एवढं? मुलांना पळवायचं, वेळ लिहायची, श्रेणी द्यायची." पालक म्हणतात, मुख्याध्यापक म्हणतात, आणि खेदाची गोष्ट ही की काही क्रीडाशिक्षकही म्हणतात. दर वेळी चीड येते. आठवड्याला मोजून दोन-तीन तासिका मिळतात, त्यातल्या कितीतरी या मोजणीत जातात आणि मोजून झाल्यावर मुलाला पुढे काय शिकवायचं हे कुणी विचारतच नाही.

मोजणीला माझा विरोध नाही. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत ९ वर्षांपुढच्या मुलांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, सिट अँड रीच, कर्ल-अप, पुश-अप आणि बीएमआय आहे. ही माहिती उपयोगाची आहे. पण ती तंदुरुस्तीची माहिती आहे. तासाला काय शिकवलं आणि मूल काय शिकलं, याचं उत्तर तिच्यात सापडत नाही. मुलींची उंची साधारण १२व्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची १४व्या. म्हणजे सातवीच्या एकाच बाकावर एकाची वाढ बरीच पुढे गेलेली असते, तर दुसऱ्याची अजून सुरूही झालेली नसते. दोघांना एकाच वेळेच्या तक्त्यावर श्रेणी दिली, तर बरीचशी श्रेणी त्या वाढीलाच जाते.

मग बघायचं काय? चेंडूफेक घेऊ. मुलगी उजव्या हाताने चेंडू फेकते, तेव्हा उजवाच पाय पुढे असतो आणि छाती सरळ समोर. चेंडू जवळच पडतो. टेप लावून अंतर लिहिलं, 'क' दिला, तासिका संपली. पुढच्या वर्षीही ती तसंच फेकणार. सर "जोर लाव" म्हणाले तर आणखी वाईट, कारण जोर कुठून आणायचा हे तिला ठाऊकच नाही. मुलांच्या मूलभूत हालचाली तपासण्यासाठी डेल उलरिच यांनी तयार केलेली चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात चेंडूफेकीचे निकष साधे आहेत: हात खालून मागे जातो का, कंबर आणि खांदा वळून दुसरी बाजू समोर येते का, फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध पाय पुढे पडतो का, फेकल्यावर हात अंगासमोरून पलीकडे जातो का. यासाठी टेप लागत नाही, नजर लागते. "डावा पाय पुढे टाक" एवढं एक सांगितलं आणि तिला लगेच पुन्हा फेकायला लावलं, की मूल्यमापन झालं आणि शिकवणंही झालं. अंतराचा आकडा नंतर आपोआप सुधारतो.

स्टॉपवॉचसुद्धा शिकवायला वापरता येतं. २०० मीटरच्या ट्रॅकवर ६०० मीटर म्हणजे तीन फेऱ्या. बहुतेक मुलं पहिली फेरी जीव तोडून पळतात आणि तिसरी चालत पुरी करतात. जोडीदाराला तिन्ही फेऱ्यांच्या वेळा वेगवेगळ्या लिहायला सांगा. तो कागद बघितल्यावर वेग राखणं म्हणजे काय हे मुलाला स्वतःलाच कळतं, आणि पुढच्या वेळी पहिली फेरी किती सावकाश घ्यायची ते तोच ठरवतो.

ही काही माझ्या मनची कल्पना नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगितलेलं आहे. महाराष्ट्राने २०१० साली ही पद्धत आणली, तेव्हा कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना संकलित मूल्यमापन ठेवलंच नाही. सगळं आकारिक, म्हणजे शिकता शिकता करायचं. तरी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात वर्ग रांगेत उभा करून नोंदी भरल्या जातात आणि वर्णनात्मक नोंदीत चाळीस जणांपुढे 'खेळात रस घेतो' लिहिलं जातं. या नोंदीने कुणाचं काय भलं होतं?

"शेरा लिहू, पण श्रेणीही देऊ, म्हणजे पालकही खूश", हाही एक आवडता उपाय. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. ती कामं मैदानावरची नव्हती, हे खरं. पण गुण दिसला की मूल शेरा वाचत नाही, हे कुठल्याही वर्गात दिसतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"साठ मुलांच्या वर्गात शक्यच नाही." एका तासिकेला सहा-सात मुलं आणि एकच निकष घेतला तर दहा तासिकांत पूर्ण वर्ग होतो.

"मुलांनी एकमेकांना तपासलं तर टिंगल होते." 'कसा खेळला?' विचारलं तर होते. 'कुठला पाय पुढे होता?' विचारलं तर मुलं नीट बघून सांगतात.

"बीएमआय जास्त, म्हणून श्रेणी कमी." मुलांचा बीएमआय वय आणि लिंग बघून वाचायचा असतो, आणि तो शिकण्याचा पुरावा मुळीच नाही. तो वर्गापुढे मोठ्याने वाचणं ताबडतोब थांबवा.

"राज्यस्तरावर खेळला, आता पीटीत तपासायचं काय?" दहावी-बारावीचे क्रीडागुण स्पर्धेतल्या कामगिरीचे असतात. कबड्डीत चमकणाऱ्या मुलाला उडी मारून नीट उतरणं किंवा साधी कोलांटी येत नसेल, तर ते शिकवायला हवंच.

"दिव्यांग मुलांना सूट द्यावी." सूट म्हणजे बहुधा मैदानाच्या कडेला बसवणं. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी पायाचा निकष गाळा. हात मागे नेणं, खांदा जमेल तितका वळवणं, फेकल्यावर हात पलीकडे जाणं हे त्यालाही शिकवता येतं, बघता येतं आणि नोंदवता येतं.