जुन्या तेलइंजिनाचे अनोळखी भाग

विहिरीवर विजेचा पंप बसला, की जुने तेलइंजिन गोठ्याच्या कडेला जाऊन पडते. पुढे कोणी ते दुरुस्तीस काढल्यास त्यातून असे दोन-चार भाग निघतात, की तालुक्याच्या फिटरलाही त्यांचे नाव सांगता येत नाही. मग ते भंगारात जातात आणि इंजिन कायमचे निकामी होते.

इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीच्या सी. एस. जातीच्या इंजिनाचे उदाहरण घ्यावे. १९३० च्या सुमारास निघालेल्या त्याच्या पाच अश्वशक्तीच्या नमुन्याची गती मिनिटास ६०० फेरे होती. नंतरच्या सहा अश्वशक्तीच्या नमुन्याची ६५०. याच धर्तीची इंजिने पुढे राजकोट येथे मोठ्या प्रमाणावर तयार झाली. जुन्या मूळ इंजिनाच्या हेडास बाजूला एक लहान हातचक्र असते. तो पाण्याचा कॉक असावा, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्याच्यामागे हेडात एक छोटी पोकळी असते. चक्र आवळले, की ती बंद होते. हवेस जागा कमी उरते, दाब वाढतो, हवा अधिक तापते आणि गारठलेले इंजिनही हँडल मारताच सुरू होते. इंजिन तापून पुरा भार आला, म्हणजे चक्र पूर्ण सैल करावयाचे. ते आवळलेलेच राहिल्यास इंजिन ठोके देते व बेअरिंगांवर नाहक ताण पडतो. पुढील इंजिनांत या चक्राच्या जागी साधे बूच आढळते. म्हणून चक्र नाही एवढ्यावरून भाग हरवला, असे समजू नये.

दुसरा भाग कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा. हा लहानसा दांडा दर फेऱ्यास तेलात बुडून ते वर उडवितो. क्षुल्लक दिसतो खरा, पण तो न बसविता इंजिन चालविल्यास बेअरिंग कोरडे पडून जळते.

अनोळखी भाग हाती आल्यास वायर ब्रश घेण्याची घाई करू नये. काजळी असेल, तर तो भाग ज्वलनाच्या बाजूचा. चुन्याचा थर असेल, तर पाण्याच्या बाजूचा. एकाच अंगास चकाकी असेल, तर तेथे दुसरा भाग घासत होता. आटेही पाहावेत. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिक आट्यांचा ६० अंश असतो; एकाचा नट दुसऱ्यावर बळाने बसविल्यास दोन्ही वाया जातात. ओतकामावर उठून दिसणारा आकडा पुष्कळदा साच्याचा असतो, सुट्या भागाचा क्रमांक नव्हे. मागणी नोंदविताना पितळी पट्टीवरील इंजिनाचा क्रमांक व नमुना अवश्य कळवावा.