दुष्काळातले तुकोबा

तुकाराम महाराजांचे नाव ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही. त्यांचे अभंग म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी असतात. पण तुकोबा आधी एक दुकानदार होते, आणि त्यांचे दुकान बुडाले होते, हे पुष्कळांना माहीत नसते. ती हकिगत आज आपण वाचू.

पुणे जिल्ह्यात इंद्रायणी नदीच्या काठी देहू गाव आहे. तुकोबांचा जन्म तिथे सन १६०८ च्या सुमारास झाला. घर कुणब्याचे. शेती होती, वाणसामानाचा व्यापार होता, सावकारी होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे झाले तोच आईबाप गेले. थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेला. धाकटा कान्होबा अजून लहान. साऱ्या घराचा भार तुकोबांच्या खांद्यावर आला.

आणि मग पाऊस गेला.

सन १६३० ते १६३२ हा दुष्काळ. त्याच १६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. दख्खन आणि गुजरात, दोन्हीकडे माणसे किड्यामुंगीसारखी मेली. त्यातच मोगलांच्या फौजा दख्खनेत उतरल्या होत्या आणि लढाया चालू होत्या. तेव्हा आगगाडी नव्हती, रेशनचे दुकान नव्हते, रोजगार हमीचे काम नव्हते. धान्य बैलांच्या पाठीवर लादून गावोगाव जाई. चारा संपला, बैल मेले, मग दूरच्या मुलखात धान्य असले तरी ते आणायचे कोणी? दुष्काळात माणसाआधी जनावर मरते आणि जनावरामागे माणूस, ते असे.

दुकानदाराचे काय होते तेही बघा. गावाला उधारी दिलेली असते. शेत पिकले नाही, तर कुळ पैसे कुठून देणार? इकडे ज्यांच्याकडून माल घेतला ते तर दाराशी उभे. तुकोबांचे असेच झाले. दिवाळे निघाले. गावात मान होता तो गेला. लाजेने तोंड दाखवायची सोय उरली नाही. त्यांना दोन बायका होत्या. थोरली रखमाबाई दम्याने आजारी असे. ती या दुष्काळात अन्नावाचून गेली. हे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवले आहे. तिचा मुलगा संतूही गेला, असे सांगतात.

आता इथे जरा थांबू. देवावर विश्वास ठेवला की संकट येत नाही, असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. तुकोबांच्या घरी विठोबाची भक्ती पिढ्यान् पिढ्या होती. पंढरीची वारी घरात चालत आलेली. तरी बायको उपाशी मेली. तेव्हा कोणावर संकट आले म्हणजे त्याची भक्ती कमी पडली, असे बोलणे अडाणीपणाचे आहे आणि निर्दयपणाचेही.

मग तुकोबांनी काय केले? ते देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसू लागले. पण नुसते बसून राहिले नाहीत. गावातले विठोबाचे देऊळ पडायला आले होते, ते त्यांनी दुरुस्त करायला घेतले. एकादशीला कीर्तन करू लागले. आधी अभ्यास नव्हता, म्हणून जुन्या संतांची वचने पाठ केली. पुढे गाणारा असला तर मागे उभे राहून धृपद धरले. अंग मोडून जेवढा परोपकार होईल तेवढा केला. लोक काय म्हणतील इकडे लक्ष दिले नाही.

आणखी एक गोष्ट सांगतात. घरात कर्जखते होती. लोकांनी बापाकडून घेतलेल्या पैशांचे ते कागद. दुष्काळाने गाव पिळून निघाले होते. तुकोबांनी निम्मे कागद कान्होबाला वाटून दिले. आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. म्हणजे काय केले ते ध्यानात घ्या. स्वतः भिकेला लागलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मानेवरचे कर्ज सोडून दिले. आम्हाला तर त्यांच्या श्रद्धेची सगळ्यात मोठी खूण हीच वाटते.

तुकोबा देवाशी गप्प बसून राहिले असेही नाही. ते देवाशी भांडले. त्याला निष्ठुर म्हणाले. तू आहेस की नाहीस, असे विचारायलाही ते भ्याले नाहीत. भांडून पुन्हा त्याच्याच दाराशी आले. एका अभंगात तर, दिवाळे निघाले आणि दुष्काळाने गांजले हे बरेच झाले, असे ते देवाला सांगतात. पण हे ज्याने सोसले त्याने स्वतःविषयी म्हणावे. शेजारच्या घरी मूल गेले असता तिथे जाऊन आपण, बरे झाले, म्हणायचे नसते.

दुसरी बायको जिजाई. लोक तिला आवली म्हणतात आणि कजाग म्हणून हसतात. आम्हाला हे हसणे पटत नाही. घरात दाणा नाही, मुले रडताहेत, नवरा डोंगरावर. ती विठोबाला शिव्या देई. पण भाकरी बांधून उन्हातान्हात डोंगर चढे आणि नवऱ्याला आधी शोधून खाऊ घाली, असे सांगतात. तिने टाळ कुटले नाहीत. निष्ठा मात्र तिचीही कमी नव्हती.

सन १६५० च्या सुमारास तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. मागून मुलगा झाला, त्याचे नाव नारायण. आज आषाढात देहूहून पंढरीला तुकोबांची पालखी जाते ना, ती सन १६८५ मध्ये या नारायणबाबांनी सुरू केली.