परतीची वाट आधी
दूरच्या एक्स्चेंजमधलं यंत्र बंद पडलं की गाडी काढून तिथे जावं लागतं. यंत्र धडधाकट असून नुसतं अबोल झालं, तरी जावंच लागतं. म्हणून एटीएम (असिंक्रोनस ट्रान्सफर मोड) जाळ्यावर नवा राउटर जोडताना ग्राहकांच्या सर्किटांना हात लावण्याआधी मी मॅनेजमेंटची पीव्हीसी, म्हणजे राउटरशी लांबून बोलायची कायमची आभासी वाट, टाकून घेतो.

एटीएम स्विचला आयपी पत्ता कळत नाही. त्याच्यापुढे येतो ५३ बाइटचा सेल. त्यात ५ बाइट हेडरचे, ४८ माहितीचे. हेडरमधले व्हीपीआय आणि व्हीसीआय हे आकडे तक्त्यात शोधायचे, त्यांच्या जागी नवे घालायचे आणि सेल पुढच्या पोर्टवर सोडायचा, एवढंच त्याचं काम. बीएसएनएलच्या एडीएसएल मोडेममध्ये ज्यांनी ० आणि ३५ भरले असतील, त्यांनी हेच दोन आकडे भरले होते. मधल्या एखाद्या स्विचमध्ये १०१च्या जागी ११० पडलं, तर दोन्ही टोकांचे दिवे हिरवे राहतात आणि पिंगला उत्तर येत नाही. मग आयपी बाजूला ठेवून ओएएमचे, म्हणजे वाट तपासण्याचे, लूपबॅक सेल टप्प्याटप्प्याने सोडायचे; कुठवरचे परत येतात त्यावरून चूक सापडते.

आयपी पॅकेट सेलांत भरण्याची पद्धत, म्हणजे एन्कॅप्सुलेशन, दोन्ही टोकांना सारखीच हवी. १९९३च्या आरएफसी १४८३ने दोन पद्धती दिल्या. व्हीसी-मक्स पद्धतीत ४० बाइटची टीसीपी पोच आणि एएएल५चे शेवटचे ८ बाइट मिळून बरोबर ४८ होतात, म्हणजे एक सेल. एलएलसी/स्नॅप आणखी ८ बाइट जोडतं, आणि जवळजवळ रिकामा दुसरा सेल पाठवावा लागतो. तरीही मी एलएलसी/स्नॅपच ठेवतो. अनेक राउटरांचं मूळ सेटिंग तेच असतं; उद्या पलीकडचा राउटर बदलणाऱ्याला वेगळं काही लक्षात ठेवावं लागू नये.

खरी गोम मात्र परतीच्या वाटेत आहे. पीव्हीसीच्या दोन टोकांना एकाच छोट्या सबनेटमधले पत्ते दिले की शेजारच्या राउटरवरून पिंग लगेच होतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण जाळ्यावर देखरेख ठेवणारा नियंत्रण कक्षातला एनएमएस सर्व्हर दुसऱ्याच सबनेटमध्ये असतो. त्याचा एसएनएमपी प्रश्न १६१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर नीट पोचतो, पण त्या सबनेटचा रूट दूरच्या राउटरला माहीत नसेल तर उत्तर तिथेच विरतं, किंवा डीफॉल्ट रूटने ग्राहकांच्या जाळ्यात जातं. म्हणून एनएमएसच्या सबनेटचा स्वतंत्र स्टॅटिक रूट त्या राउटरवर लिहायचा आणि तपासणी एनएमएसवरूनच करायची. शेजारच्या पिंगवर मी कधीच विसंबत नाही.

पुढे हीच पीव्हीसी बदलायची वेळ आली, तर आपण बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवत असतो. हे काम रात्रीच करावं. आधी राउटरला दहा मिनिटांनी रीलोड व्हायची आज्ञा द्यायची आणि बदल सेव्ह करायचा नाही. संपर्क तुटला तर राउटर आपोआप जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतो. नव्या वाटेने एनएमएसला उत्तरं मिळू लागली, की रीलोड रद्द करायचा आणि मगच सेव्ह करायचं.