जर्मनीहून आणलेली कॅम्परव्हॅन



"जर्मनीतून कॅम्परव्हॅन आणणं परवडतं का हो?" असं इथे यूकेत बरेच जण विचारतात, म्हणून हा स्वानुभव.

२०२३ साली आम्ही तिथे कोरी गाडी घेतली आणि लाल पट्टीच्या एक्स्पोर्ट नंबरप्लेटवर हूक ऑफ हॉलंडहून फेरीने हारिचला उतरलो. निर्यात म्हणून तिथला १९ टक्के व्हॅट सुटला, इथे २० टक्के भरला. म्हणजे आवळा देऊन कोहळा काही मिळाला नाही! ब्रेक्झिटनंतर १० टक्के कस्टम ड्यूटीही आहे. गाडी युरोपात बनल्याचं निवेदन विक्रेत्याने इन्व्हॉइसवर दिलं तर ती माफ होते. ते आधीच लिहून घ्या. गाडी आल्यापासून १४ दिवसांत एचएमआरसीला कळवायचं, मग डीव्हीएलएकडे नोंदणी. डिपर डावीकडे पडणारे हेडलाइट, मैलांचा स्पीडोमीटर, उजवीकडे मागचा फॉग लॅम्प, हा खर्च वेगळाच.

हे सगळं मी वहीत मांडलं होतं. राहिलं ते सरकतं दार. जर्मनीत ते उजवीकडे, म्हणजे फुटपाथच्या बाजूला. इथे तीच बाजू रहदारीची! पहिल्याच ट्रिपला रस्त्याकडेला थांबलो, लेकीने उत्साहात दार ओढलं, पाय खाली टाकला आणि समोरून लॉरी सुसाट गेली. बायकोने फ्रॉक धरून तिला आत खेचलं.

आता त्या दाराला चाइल्ड लॉक आहे. तेव्हा मंडळी, किंमत नंतर बघा, दार कुठल्या बाजूला उघडतं ते आधी बघा.