मीठ जाईल तिकडे पाणी

आंबेगाव तालुक्यातलं आहुपे सह्याद्रीच्या अगदी धारेवर वसलेलं. गावापलीकडे कडा तुटतो आणि आहुपे घाटाची पायवाट मुरबाड तालुक्यातल्या खोपिवलीकडे उतरते. सह्याद्रीतल्या अशा घाटवाटांनीच एकेकाळी कोकणचं मीठ देशावर चढत असे. याच परिसरात उगम पावलेली घोड नदी मात्र पूर्वेला वळते आणि डिंभे धरणात विसावते. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. किती पडलं यापेक्षा किती राखलं, याला इथे मोल आहे.

आपल्या मूत्रपिंडांचा हिशेबही असाच. दिवसभरात ती रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, पण लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात जातं. प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्या भिंती मीठ, म्हणजे मुख्यतः सोडियम, आत ओढून घेतात आणि पाणी त्याच्या मागोमाग येतं. आपण जिला ‘लघवीची गोळी’ म्हणतो ती पाण्याला हात लावत नाही. ती मिठाची परतीची वाट अडवते.

वाट कुठे अडवली, यावर गोळीचा जोर ठरतो. नळीच्या मधल्या वळणावर गाळलेल्या मिठापैकी जवळपास पाव हिस्सा परत घेतला जातो. फ्युरोसेमाइड, म्हणजे ओळखीचं लॅसिक्स, नेमकं तिथेच काम करतं. हृदय थकलं की पावलं सुजतात, बोट दाबलं तर खळगा राहतो, फुप्फुसात पाणी साचून आडवं होता येत नाही. रात्र बसून काढणाऱ्या अशा माणसाला याच्या इंजेक्शनने काही वेळातच श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं. मला वैद्यकातली ही फार मोठी देणगी वाटते. तिच्यामागचा इतिहास मात्र विषारी आहे. १९१९ च्या सुमारास व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल या वैद्यकीय विद्यार्थ्याला दिसलं, की उपदंशासाठी पाऱ्याचं इंजेक्शन दिलं की लघवी भरमसाट वाढते. मग कित्येक वर्षं सूज उतरवायला पाराच वापरला गेला. १९५० च्या दशकाअखेरीस थायझाइड गोळ्या आल्या, तेव्हा कुठे त्यातून सुटका झाली.

थायझाइड गटातली हायड्रोक्लोरोथायझाइड आणि त्यांच्याच जातकुळीतली क्लोरथॅलिडोन ही औषधं त्या वळणाच्या पुढे काम करतात. जोर कमी, म्हणून ती रक्तदाबासाठी सोयीची. स्पायरोनोलॅक्टोन आणखी पुढे, यकृताच्या आजारातल्या जलोदरावर उपयोगी.

पण मिठाबरोबर इतरही काही वाहून जातं. फ्युरोसेमाइड आणि थायझाइडने पोटॅशियम घटतं. मग पायात गोळे येतात, गळून गेल्यासारखं होतं, कधी हृदयाचे ठोके चुकतात. थायझाइडने म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरलं तर ती असंबद्ध बोलू लागतात आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतात. यूरिक अॅसिड वाढून पायाचा अंगठा ठणकू शकतो. स्पायरोनोलॅक्टोनचं उलटं, त्याने पोटॅशियम चढतं आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते जिवावर बेतू शकतं. दुकानातून परस्पर आणलेली सांधेदुखीची गोळी या औषधांचा जोर मारते आणि मूत्रपिंडालाही इजा करते.

म्हणून सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी हवीच. आहुप्याहून त्यासाठी घोडेगाव किंवा मंचर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. गोळी लिहून देताना तपासणीची तारीखही त्याच कागदावर लिहिली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या, किंवा उन्हात राबून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गोळी चालू ठेवायची का, हे लगेच डॉक्टरांना विचारावं.

गोळी सकाळी घ्यावी, नाहीतर रात्री अंधारात बाहेर जाताना पडायची भीती. एसटीत लघवी लागेल म्हणून तालुक्याला जायच्या दिवशी बरेच जण ती चुकवतात. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा असर साधारण सहा तास टिकतो. त्या दिवशी घरी परतल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, एवढंच डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.